भूकंपाचा डेटा ईमेलवरून कसा मागवायचा, पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

भूकंपाचा डेटा मागवायला बसलेल्या नवीन माणसाचा पहिला मेल बहुतेक वेळा असा असतो: ‘नमस्कार, मी विद्यार्थी आहे, मला २०११ च्या जपानच्या भूकंपाचा डेटा हवा आहे, कृपया पाठवावा.’ मेल अगदी सभ्य असतो, पण त्याला उत्तरच येत नाही, किंवा आलं तर ‘रिक्वेस्ट वाचता आली नाही’ एवढंच येतं. कारण डेटा सेंटरच्या त्या पत्त्यावर माणूस बसलेलाच नसतो. तिथे एक प्रोग्राम असतो, तो मेलची एकेक ओळ ठरलेल्या साच्यात बसते का बघतो, बसली तर आर्काइव्हमधून, म्हणजे साठवलेल्या नोंदींमधून, तेवढा तुकडा कापून देतो, नाही बसली तर सोडून देतो. त्याला विनंती कळत नाही, आणि भूकंप म्हणजे काय तेही माहीत नसतं. त्याला फक्त एवढंच कळतं की अमुक स्टेशनवरच्या अमुक यंत्राने अमुक वेळेपासून अमुक वेळेपर्यंत काय नोंदवलं.

म्हणून सगळ्यात आधी डोक्यात हे बसवा की आपण भूकंप मागत नाही, आपण एका ठिकाणच्या एका यंत्राचा वेळेचा तुकडा मागतो. त्यात भूकंप आहे की नाही हे आपण आधी बघून ठेवायचं असतं.

असा तुकडा सांगायला सहा गोष्टी लागतात: नेटवर्क, स्टेशन, लोकेशन, चॅनल, सुरुवातीची वेळ, शेवटची वेळ. बास. या सहा गोष्टी नीट जमल्या की ईमेल असो, वेबसाइट असो की प्रोग्राम, कुठूनही डेटा काढता येतो. मी नवीन मुलांना पहिल्या दिवशी कॉम्प्युटर उघडूच देत नाही, आधी एका कागदावर या सहा गोष्टी लिहायला लावते, कारण गडबड जी होते ती जवळजवळ नेहमी इथेच होते.

उदाहरण म्हणून आपण ११ मार्च २०११ चा जपानमधला टोहोकूचा भूकंप घेऊ, मॅग्निट्यूड ९ च्या वरचा, जगातल्या जवळपास प्रत्येक चालू स्टेशनवर स्पष्ट दिसलेला. आणि स्टेशन घेऊ अमेरिकेतल्या अल्बुकर्कीचं, ज्याचा कोड आहे ए एन एम ओ. हे जुनं, भरवशाचं स्टेशन आहे, शिकायला एकदम बरं.

नेटवर्क कोड म्हणजे स्टेशन कोणाच्या जाळ्यातलं आहे ते. आपलं स्टेशन आय यू या नेटवर्कमध्ये येतं, जे ग्लोबल सिस्मोग्राफिक नेटवर्कचा एक भाग आहे, दुसरा मोठा भाग आय आय या कोडखाली आहे, दोन्ही मिळून जगभर साधारण दीडशे स्टेशनं. फ्रान्सच्या जिओस्कोपचा कोड नुसता जी, जर्मनीच्या जिओफॉनचा जी ई. हे कोड एफ डी एस एन नावाची आंतरराष्ट्रीय संघटना देते, ती १९८६ पासून आहे, आणि एकाच स्टेशन कोडची दोन स्टेशनं वेगवेगळ्या नेटवर्कमध्ये असू शकतात म्हणून नेटवर्क कोड कधीच गाळू नका. अजून एक गोष्ट म्हणजे एक्स, वाय, झेड किंवा एखाद्या अंकाने सुरू होणारे कोड तात्पुरत्या प्रयोगांचे असतात, ते पुन्हा पुन्हा वापरले जातात, म्हणजे एकच कोड एका वर्षी एका देशातल्या प्रयोगाचा आणि काही वर्षांनी भलत्याच देशातल्या दुसऱ्या प्रयोगाचा. तिथे कोडबरोबर वर्षही बघायचंच.

चॅनलचा कोड तीन अक्षरी असतो आणि तो वाचता आला की अर्धं काम झालं. पहिलं अक्षर यंत्र किती वेगाने सॅम्पल, म्हणजे एकेक मोजणी, घेतं ते सांगतं: बी म्हणजे ब्रॉडबँड, सेकंदाला १० ते ८० सॅम्पल, प्रत्यक्षात बहुतेक २० किंवा ४०; एच म्हणजे ८० किंवा त्याहून जास्त; एल म्हणजे सेकंदाला साधारण एकच. दुसरं अक्षर यंत्राची जात सांगतं: एच म्हणजे संवेदनशील सिस्मोमीटर, एन म्हणजे ॲक्सेलेरोमीटर, ज्याची नोंद जोरदार हादऱ्यातही वरून कापली जात नाही. तिसरं अक्षर दिशा: झेड वर-खाली, एन उत्तर-दक्षिण, ई पूर्व-पश्चिम. म्हणजे बी एच झेड हे ब्रॉडबँड सिस्मोमीटरचं वर-खाली हलणं झालं. नवीन माणसाने लांबच्या भूकंपासाठी डोळे मिटून यापासून सुरुवात करावी.

पण दिशेच्या जागी काही स्टेशनवर एन आणि ई ऐवजी १ आणि २ दिसतात, आणि इथे पुष्कळ जण अडकतात. यंत्र खोल बोअरहोलमध्ये सोडलेलं असेल तर ते खाली कुठल्या दिशेला तोंड करून बसलं हे आधी ठरवता येत नाही, नंतर मोजून काढावं लागतं, म्हणून त्याला उत्तर-पूर्व म्हणायचं नाही असा नियम आहे. तुम्ही बी एच एन मागितलं आणि स्टेशनवर बी एच १ असेल तर डेटा नाही असं उत्तर येईल, आणि तुम्हाला वाटेल स्टेशन बंद होतं. म्हणून तिसऱ्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह टाका, म्हणजे बी एच प्रश्नचिन्ह, त्यात तिन्ही दिशा येतात, त्यांचं नाव काहीही असो.

लोकेशन कोड दोन अंकी असतो, ००, १० असा. एकाच स्टेशनवर दोन-तीन सेन्सर असतात, एक बोअरहोलमध्ये, एक वर खोलीत, ते वेगळे ओळखायला हा कोड. जुन्या डेटामध्ये तो बऱ्याचदा रिकामाच असतो. ईमेलमध्ये लोकेशन दिलं नाही तर जेवढे सेन्सर असतील त्या सगळ्यांचा डेटा येतो, पहिल्या वेळी ते चालेल, फक्त फाइल उघडल्यावर एकाच चॅनलच्या दोन रेषा दिसल्या तर घाबरू नका.

आता वेळ. यावर मी जरा जास्त बोलणार आहे.

आर्काइव्हमधली प्रत्येक वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर एकच धरलेल्या प्रमाणवेळेत, असते. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. स्टेशन कुठल्याही देशात असो, भूकंप कुठेही होवो, तुम्ही कुठेही बसलेले असा. टोहोकूचा भूकंप जपानी वेळेनुसार दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी झाला, जपान यूटीसीच्या नऊ तास पुढे आहे, म्हणजे यूटीसीमध्ये तो ०५:४६:२४ ला झाला. मी माझ्या पहिल्यावहिल्या रिक्वेस्टमध्ये बातमीत वाचलेली १४:४६ हीच वेळ टाकली होती. डेटा आला, प्लॉट केला, रेषा छान हलताना दिसली, मी तो प्लॉट वहीत चिकटवलासुद्धा. त्या दिवशी आफ्टरशॉक इतके चालू होते की नऊ तासांनंतरच्या तुकड्यातही भरपूर हालचाल होती, त्यामुळे मला संशयच आला नाही. पुढे पी वेव्ह, म्हणजे भूकंपाची सगळ्यात आधी पोहोचणारी लाट, कुठे यायला हवी हे मोजायला बसले तेव्हा तिथे काहीच नव्हतं, आणि मग लक्षात आलं की मी मुख्य भूकंप बघतच नव्हते. डेटा येणं आणि बरोबर डेटा येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा फरक मशीन तुम्हाला सांगत नाही.

तारखेचंही तसंच. किल्लारीचा भूकंप आपल्या सगळ्यांच्या लक्षात ३० सप्टेंबर १९९३ म्हणून आहे, पहाटे चारच्या जरा आधी झाला. पण भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करा, तर यूटीसीमध्ये तो २९ सप्टेंबरला २२:२५ ला झालेला निघतो. ३० तारीख टाकून आर्काइव्हमध्ये शोधत बसलात तर अख्खा दिवस चाळूनही मुख्य धक्का सापडणार नाही. भूकंप मध्यरात्रीच्या आगेमागे असेल तर तारीख कागदावर दोनदा मांडून बघाच. आणि आर्काइव्हमध्ये बऱ्याच ठिकाणी तारीख महिना-दिवस अशी नसून वर्षातला कितवा दिवस अशी असते, ११ मार्च २०११ म्हणजे दिवस ०७०, तर फाइलच्या नावात ०७० दिसलं की गोंधळू नका.

भूकंपाची नेमकी यूटीसी वेळ, अक्षांश-रेखांश आणि खोली बातमीतून घेऊ नका, यूएसजीएस (अमेरिकेची भूगर्भ सर्वेक्षण संस्था) किंवा आय एस सी (आंतरराष्ट्रीय भूकंप केंद्र) यांच्या कॅटलॉगमधून घ्या. मग तुकडा किती मोठा घ्यायचा ते ठरवा. टोहोकूपासून आपलं स्टेशन साधारण ८३ अंशांवर (पृथ्वीच्या केंद्रापाशी होणारा कोन), म्हणजे नऊ हजार दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. एवढ्या अंतराला पी वेव्ह साडेबारा मिनिटांच्या आत पोहोचते, तिच्यामागून येणारी एस वेव्ह पावणेतेवीस मिनिटांच्या आसपास, आणि जमिनीच्या पृष्ठभागावरून येणारी सरफेस वेव्ह सेकंदाला साडेतीन किलोमीटर धरली तर ४४ मिनिटांनी. म्हणजे ०५:५९ च्या जरा आधी पी, ०६:०९ च्या सुमाराला एस, आणि साडेसहाच्या आसपास सगळ्यात मोठ्या लाटा. सुरुवात भूकंपाच्या वेळेच्या पाच-सहा मिनिटं आधीपासून करा, कारण भूकंप नसताना स्टेशन किती शांत आहे हे दिसल्याशिवाय पी वेव्ह कुठे उठली हे छातीठोकपणे सांगता येत नाही. शेवट सरफेस वेव्ह संपून अर्धा-पाऊण तास पुढे ठेवा. आपण ०५:४० ते ०७:१० घेऊ, दीड तास.

या दीड तासात अजून एक गोष्ट येते, ती आधीच सांगून ठेवते. ०६:१५ ला तिथेच साडेसातहून मोठा आफ्टरशॉक झाला होता, त्याची पी वेव्ह आपल्या स्टेशनवर ०६:२८ च्या सुमाराला येते, म्हणजे नेमकी मुख्य भूकंपाच्या सरफेस वेव्हच्या गर्दीत. नुसत्या डोळ्याने ती दिसणार नाही, फिल्टर लावल्यावर दिसते. मोठ्या भूकंपाचा डेटा मागवताना आसपासच्या वेळेचे कॅटलॉगमधले बाकीचे भूकंपही बघून ठेवा म्हणते ते यासाठीच.

मेल पाठवण्याआधी एक छोटं काम करा: त्या वेळी ते स्टेशन, ते चॅनल चालू होतं का ते डेटा सेंटरच्या स्टेशन माहितीत बघा. यंत्रं बदलली जातात, सॅम्पल रेट बदलतो, प्रत्येक चॅनलपुढे ‘इथपासून इथपर्यंत’ अशी तारीख असते. दोन मिनिटांचं काम आहे. आणि त्याच वेळी हेही बघा की त्या सेंटरची ईमेलची सोय सध्या चालू आहे का आणि पत्ता कुठला. हे त्यांच्या अधिकृत पानावरूनच घ्या, जुन्या ट्युटोरियलमधून किंवा कुणाच्या प्रबंधाच्या परिशिष्टातून उचलू नका, कारण संस्थांची नावंसुद्धा बदलतात: आयरिस म्हणून भूकंपाचा डेटा ठेवणारी जी अमेरिकन संस्था सगळ्यांना माहीत होती ती २०२३ पासून दुसऱ्या संस्थेत विलीन होऊन अर्थस्कोप झाली. काही सेंटरवर सीडसाठी एक पत्ता आणि मिनीसीडसाठी दुसरा असतो (हे डेटाच्या फाइलचे दोन प्रकार, पुढे सांगते), तेही तिथेच कळतं.

आता प्रत्यक्ष मेल. सगळ्यात जास्त वापरला गेलेला साचा म्हणजे ब्रेक-फास्ट, म्हणजे बॅच रिक्वेस्ट फास्ट, उच्चार न्याहारीच्या इंग्रजी शब्दासारखाच. याचे दोन भाग असतात. वर हेडर, ज्यातली प्रत्येक ओळ टिंबाने सुरू होते, आणि खाली डेटाच्या ओळी. मी इथे देवनागरीत लिहितेय, मेलमध्ये हे सगळं रोमन कॅपिटल अक्षरांत टाइप करायचं:

.नेम (तुमचं नाव)
.इन्स्ट (कॉलेज किंवा संस्था)
.मेल (पोस्टाचा पत्ता)
.ईमेल (उत्तर जिथे हवं तो पत्ता)
.फोन
.फॅक्स
.मीडिया एफ टी पी
.लेबल टोहोकू१
.एन्ड
ए एन एम ओ — आय यू — २०११ ०३ ११ ०५ ४० ०० — २०११ ०३ ११ ०७ १० ०० — १ — बी एच ? — ००

शेवटच्या ओळीतल्या मोठ्या रेघा फक्त तुम्हाला तुकडे दिसावेत म्हणून मी टाकल्यात, खऱ्या मेलमध्ये तिथे एकेक स्पेस, आणि कोडमधली अक्षरं अर्थातच जोडून. क्रम नीट बघा: आधी स्टेशन, मग नेटवर्क, मग सुरुवात, मग शेवट, मग किती चॅनल त्याचा आकडा, मग चॅनल, शेवटी लोकेशन. तो मधला आकडा सगळे विसरतात. तुम्ही पुढे चॅनलचे जितके शब्द लिहिणार तितका तो आकडा, म्हणजे बी एच प्रश्नचिन्ह हा एकच शब्द असल्यामुळे १, जरी त्यातून तीन चॅनल येणार असले तरी. तीन चॅनल वेगवेगळे लिहिले तर ३. आकडा ३ आणि चॅनल एकच, असं झालं की प्रोग्राम पुढचा लोकेशन कोडच चॅनल समजून बसतो आणि ओळ बाद होते.

पोस्टाचा पत्ता आणि फॅक्स कशाला, असा प्रश्न सगळ्यांना पडतो. हा साचा जेव्हा बनला तेव्हा मोठा डेटा मॅग्नेटिक टेपवर भरून पोस्टाने पाठवायचे, मीडियाच्या ओळीत टेपचा प्रकार लिहायचा असायचा. आता तिथे एफ टी पी, म्हणजे इंटरनेटवरून फाइल उतरवायची पद्धत, लिहितात, पण ओळी राहिल्या. रिकाम्या ठेवल्या तरी सहसा चालतं, पण ओळ स्वतः खोडू नका. लेबल मात्र विचार करून द्या. मिळणाऱ्या फाइलला तेच नाव लागतं, त्यात स्पेस नको, आणि प्रत्येक रिक्वेस्टला वेगळं असू द्या, नाहीतर ‘टेस्ट’ नावाच्या आठ फाइल होतात आणि कुठली कशाची हे महिन्याभराने तुम्हालाच कळत नाही.

मेल पाठवताना काय बिघडतं ते आता सांगते, कारण मजकूर बरोबर असूनही मेल नापास होतो तो या कारणांनी.

मेल साध्या मजकुराचा, म्हणजे प्लेन टेक्स्ट असला पाहिजे. आपले मेल प्रोग्राम गुपचूप फॉण्ट, रंग, एचटीएमएल घालतात, तिकडच्या मशीनला मग ओळीऐवजी कचरा दिसतो. सेटिंगमध्ये प्लेन टेक्स्टचा पर्याय असतो, तो निवडा. मोबाइलवरून पाठवूच नका: तो लांब ओळ मध्येच तोडतो, टिंबानंतर आपणहून स्पेस टाकतो, शब्द दुरुस्त करतो, आणि ए एन एम ओ हा शब्द त्याला कुठल्या डिक्शनरीत सापडणार. खाली आपोआप चिकटणारी सही बंद करा, कारण डॉट एन्डच्या खालची प्रत्येक ओळ मशीन डेटाची मागणी म्हणूनच वाचतं. फाइल जोडू नका, मजकूर मेलच्या अंगातच हवा. ओळीच्या सुरुवातीला स्पेस नको. आणि मराठी कीबोर्ड चालू असेल तर आधी बदला, देवनागरी १ आणि रोमन १ आपल्याला सारखेच वाटले तरी मशीनला ती दोन वेगळी चिन्हं आहेत, आणि आपल्यातल्या कितीतरी जणांच्या फोनवर, कॉम्प्युटरवर आकडे आपोआप देवनागरीच येतात.

माझी सवय अशी आहे की मजकूर नोटपॅडसारख्या साध्या एडिटरमध्ये लिहायचा, फाइल जपून ठेवायची, आणि तिथून मेलमध्ये चिकटवायचा. आणि पहिल्या मेलमध्ये एकच ओळ. एक स्टेशन, एक भूकंप. ती व्यवस्थित आली की मग पन्नास ओळी करा.

मेल गेला की आधी पोच येते, रिक्वेस्ट मिळाली आणि इतक्या ओळी समजल्या अशी. ती वाचा! तुम्ही दहा ओळी पाठवल्या आणि पोचेत आठ असतील तर दोन ओळींत चूक आहे, ते इथेच पकडता येतं. नंतर दुसरा मेल येतो ज्यात डेटा कुठे ठेवलाय त्याचा पत्ता असतो, छोट्या रिक्वेस्टला काही मिनिटं लागतात, मोठ्या रिक्वेस्ट रांगेत थांबतात. उत्तर दिसत नसेल तर आधी स्पॅम बघा, मशीनने पाठवलेले मेल तिथे हमखास जातात. आणि तयार फाइल तिकडे कायम राहत नाही, काही दिवसांनी पुसतात, तेव्हा मेल आला की उतरवून घ्या, ‘शनिवारी बघू’ करू नका.

‘नो डेटा’ असं उत्तर आलं तर लगेच आर्काइव्हला दोष देऊ नका. आधी तारीख आणि यूटीसी तपासा. मग स्टेशन त्या वेळी चालू होतं का. मग चॅनलचं नाव, तो १-२ चा मामला. मग लोकेशन कोड काढून टाकून पुन्हा पाठवा. हे सगळं ठीक असूनही डेटा नसेल तर दोन शक्यता राहतात: एक तर खरंच गॅप आहे, मोठ्या भूकंपात वीज जाते, लाइन तुटते, भूकंपाच्या अगदी जवळचं स्टेशन नेमकं त्याच वेळी गप्प होतं, किंवा डेटा रिस्ट्रिक्टेड आहे. तात्पुरत्या प्रयोगांचा डेटा, ज्यांनी यंत्रं बसवली त्यांना आधी काम करता यावं म्हणून, काही काळ, बऱ्याचदा दोन वर्षं, राखून ठेवलेला असतो. तो हवाच असेल तर मग खऱ्या माणसाला मेल लिहावा लागतो, त्याबद्दल शेवटी सांगते.

किती मागायचं याचा अंदाज ठेवा. आपला दीड तास, तीन चॅनल, सेकंदाला ४० सॅम्पल धरले तरी साडेसहा लाखांच्या आत सॅम्पल होतात, दाबून ठेवलेल्या रूपात एखादा एमबी. पण हेच शंभर स्टेशनचं महिन्याभराचं मागितलं की तीन हजार कोटींच्या वर जातं. नवीन माणूस ‘असू दे, नंतर कामाला येईल’ म्हणून असं मागतो, रांग अडते, आणि शेवटी रिक्वेस्ट रद्द होते किंवा तुमच्याच डिस्कवर पडून राहते. लांबचे भूकंप आणि सरफेस वेव्हच बघायच्या असतील तर एल एच झेड मागा, सेकंदाला एक सॅम्पल, दीड तासाचे फक्त ५४००, आणि जे बघायचंय ते सगळं दिसतं.

फाइल आली. ती बहुधा मिनीसीड असेल. सीड हा भूकंपाच्या डेटाच्या देवाणघेवाणीचा जुना साचा, त्यात डेटा आणि यंत्राची माहिती दोन्ही एकत्र असायचं. मिनीसीडमध्ये फक्त डेटा असतो, यंत्राची माहिती स्टेशन एक्सएमएल किंवा डेटालेस सीड अशा वेगळ्या फाइलमध्ये. ती वेगळी फाइल त्याच दिवशी मागवून ठेवा. उघडायला ऑब्सपाय वापरा, पायथनमधली फुकट लायब्ररी आहे, रीड म्हटलं की फाइल उघडते, प्लॉट म्हटलं की चित्र येतं.

पहिलं चित्र बघताना घाई करू नका. डावीकडे जवळजवळ सपाट रेषा दिसेल. त्यावर झूम करा, ती सपाट नाहीये, पाच-सात सेकंदांच्या अंतराने बारीक हेलकावे दिसतील, ते समुद्राच्या लाटांमुळे जमिनीत सतत चालू असलेलं थरथरणं आहे, भूकंप नसतानाही. मग ०५:५९ च्या अलीकडे रेषा एकदम उचलली जाते. जपानजवळ समुद्राखाली सुटलेली लाट पृथ्वीच्या पोटातून वळून अल्बुकर्कीला आली ती ही जागा. मी हे शेकडो वेळा बघितलंय आणि अजूनही त्या जागेवर आले की क्षणभर थांबते.

उभ्या अक्षावर जे आकडे दिसतात ते काउंट्स असतात, जमीन किती हलली ते नव्हे. यंत्राने जे व्होल्टेज दिलं त्याचा तो मोजलेला आकडा. दोन वेगळ्या स्टेशनचे काउंट्स एकमेकांशी ताडून ‘इथे जास्त हललं’ असं म्हणणं साफ चूक आहे, कारण यंत्रं वेगळी, त्यांचं गेन, म्हणजे किती पटीने मोठं करून नोंदवतात ते, वेगळं. त्या दुसऱ्या फाइलच्या मदतीने इन्स्ट्रुमेंट रिस्पॉन्स, म्हणजे यंत्राचा स्वतःचा परिणाम, डेटामधून काढून टाकला की मग सेकंदाला मीटर किंवा मीटरमध्ये उत्तर येतं. ऑब्सपायमध्ये त्याला एकच ओळ लागते, पण आधी ट्रेंड (रेषेचा एकूण कल) काढा, तुकड्याची दोन्ही टोकं हळूहळू शून्यावर आणा आणि फार कमी फ्रीक्वेन्सी कापा, नाहीतर रेषा एका बाजूला वाहत जाते.

ईमेलचा दुसरा साचाही भेटेल, ऑटो डी आर एम, तो १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून आहे आणि अणुचाचणी बंदीच्या देखरेखीच्या जगात जास्त चालतो. त्याची मांडणी वेगळी: वर बिगिन आणि साच्याचं नाव, मग मेसेजचा प्रकार रिक्वेस्ट, मेसेजचा नंबर, तुमचा ईमेल, मग वेळ, स्टेशनची यादी, चॅनलची यादी, वेव्हफॉर्म, आणि शेवटी स्टॉप. गोष्टी त्याच, फक्त क्रम आणि शब्द वेगळे. यात हेल्प असा मेसेज पाठवला तर मशीन स्वतःच नियमांची माहिती परत पाठवतं, पहिला मेल तोच करा.

आणि ज्या सेंटरवर ईमेलची सोय नाही तिथे एफ डी एस एन वेब सर्व्हिस असते. त्यातही यादी पाठवायची असेल तर ओळ तीच: नेटवर्क, स्टेशन, लोकेशन, चॅनल, सुरुवात, शेवट. फक्त क्रम बदलला, चॅनलचा आकडा गेला, आणि रिकाम्या लोकेशनच्या जागी दोन आडव्या रेघा आल्या. कागदावर लिहिलेल्या त्या सहा गोष्टी इथे जशाच्या तशा कामाला येतात.

राहिला माणसाला लिहायचा मेल. रिस्ट्रिक्टेड डेटा, जुने कागदावरचे सिस्मोग्राम, किंवा एखाद्या सेंटरची ऑनलाइन सोयच नसेल तर हा लागतो. इथेही आधी त्या सहा गोष्टी द्या, मग दोन-तीन वाक्यांत तुम्ही कोण, कशासाठी हवाय, कुठल्या फॉरमॅटमध्ये चालेल, आणि तुम्ही आधी कुठे शोधून बघितलंत. ‘त्या भागातला सगळा डेटा द्या’ असं लिहिलेल्या मेलला उत्तर द्यायला समोरच्याचा अर्धा दिवस जातो. ‘या स्टेशनचा, या तारखेचा, यूटीसी इतक्या ते इतक्या वेळेचा डेटा तुमच्या यादीत आहे पण मला उतरवता आला नाही’ असं लिहिलं तर उत्तर द्यायला पाच मिनिटं लागतात, आणि म्हणून ते येतं. दहा-बारा दिवस थांबा, मग एकदा नम्रपणे आठवण करा. विषयाच्या ओळीत स्टेशन आणि तारीख टाका.

डेटा वापरून काही लिहिलंत, अगदी कॉलेजचा प्रोजेक्ट असला तरी, नेटवर्कचं नाव आणि त्याचा डीओआय नंबर (संदर्भ देण्यासाठीचा कायमचा ओळख क्रमांक) त्यात द्या. प्रत्येक नेटवर्कच्या पानावर कसं लिहायचं ते दिलेलं असतं. कुणीतरी डोंगरात, बेटावर, बर्फात जाऊन ती यंत्रं चालू ठेवतं, आणि त्यांना पुढची वर्षं पैसे मिळतात ते डेटा कुणी वापरला हे दाखवूनच. आणि पाठवलेला मेल, आलेली पोच, मिनीसीडची फाइल आणि स्टेशन एक्सएमएल हे चारही एकाच फोल्डरमध्ये, लेबलच्याच नावाने ठेवा.